वाचताना सगळं येतं, पेपरात काहीच आठवत नाही

"रोज तीन-तीन तास वाचते. विचारलं की म्हणते, झालाय धडा. पेपर हातात पडला की डोकं कोरं! हिची स्मरणशक्तीच कमी आहे का हो?" नववीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आलेल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) स्मरणशक्ती वाढवणाऱ्या औषधाची जाहिरात त्यांनी सोबत आणली होती. शिवाय मोबाइलवर सोडवलेल्या एका चाचणीत मुलगी 'व्हिज्युअल लर्नर', म्हणजे बघून जास्त शिकणारी, ठरली होती, तो निकालही होता.

अभ्यासाच्या पद्धतीकडे वळण्याआधी काही गोष्टी तपासाव्याच लागतात. फळ्यावरचं नीट दिसतं का, वाचताना अक्षरं किंवा ओळी सुटतात का, पेपर पाहून हात थरथरणं, पोटात ढवळणं असं होतं का, झोप किती. इथे फक्त झोप खटकली. या वयात आठ ते दहा तास लागतात, मुलगी जेमतेम साडेसहा तास झोपत होती. शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा मोठा असल्यामुळे रात्रीचा शेवटचा तास पहिल्याच दिवशी अभ्यासातून काढून टाकला. आईला ते पटलं नाही, पण त्यांनी ऐकलं.

'व्हिज्युअल लर्नर'चा निकाल बाजूला ठेवला. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा ज्याच्या-त्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकलं जातं, याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. आकृत्या उपयोगी असतातच, पण त्या सगळ्यांनाच.

मग एक साधी तपासणी. मुलीने तिच्या मते सर्वांत पक्का झालेला विज्ञानाचा धडा निवडला. पाच मिनिटं वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटांत आठवेल ते लिहायचं. कागदावर चार मथळे उतरले, एक अर्धवट आकृती आणि एक व्याख्या, तीही निम्मीच. पुस्तक उघडल्यावर ती लगेच म्हणाली, "अरे, हे तर येत होतं मला!"

खरी गोम इथेच आहे. पान समोर असताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि त्यालाच मूल 'येतं' म्हणतं. परीक्षेत पान समोर नसतं, मजकूर डोक्यातून बाहेर काढावा लागतो. त्या कामाचा सराव या मुलीने कधी केलाच नव्हता. तिची पुस्तकं तीन रंगांच्या हायलायटरने भरलेली होती, काही पानांवर रंगवायचं राहिलेली ओळ शोधावी लागत होती. मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. अधोरेखन आणि पुन्हा-पुन्हा वाचन कमी उपयोगाच्या गटात गेलं. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं, या दोनच पद्धती वरच्या गटात आल्या.

आईला मात्र आकडे हवे होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग इथे कामी येतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रं नुसता वाचला. दुसऱ्या गटाने एक सत्र वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आदल्या रात्री "सगळं येतंय" असं का वाटतं, हे त्या पहिल्या आकड्यात दिसतं.

आराखडा असा ठरला. नवा भाग एकदा समजून वाचायचा, साधारण वीस मिनिटं. मग पुस्तक मिटून कोऱ्या पानावर आठवेल ते लिहायचं. अडलं तरी निदान मिनिटभर थांबायचं, लगेच डोकावायचं नाही. नंतर पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेनाने भरायचं. त्या लाल मजकुरातूनच प्रश्नपत्ते (फ्लॅशकार्ड) बनवायचे, एका पत्त्यावर एकच प्रश्न, मागे उत्तर. पत्त्यांचे तीन कप्पे: पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. उत्तर बरोबर आलं की पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. परीक्षा सहा आठवड्यांवर होती. उजळणीतलं अंतर परीक्षेपर्यंतच्या काळाच्या साधारण दहा ते वीस टक्के ठेवणं फायद्याचं असतं. म्हणजे चार ते आठ दिवस. तिसरा कप्पा आठवड्याचा ठेवला तो त्यामुळे.

गणिताला हे जसंच्या तसं लागू करू नये. जे मुळात समजलेलंच नाही ते आठवायला लावलं तर फक्त रडू येतं. नव्या प्रकाराची दोन-तीन सोडवलेली उदाहरणं पायरीपायरीने वाचायची आणि प्रत्येक पायरीला 'हे का केलं?' एवढंच विचारायचं. मग शेवटच्या पायऱ्या झाकून सोडवायचं, त्यानंतर पूर्ण उदाहरण. हात बसला की प्रकार मिसळायचे. एकाच सूत्राची वीस गणितं ओळीने सोडवली की कोणतं सूत्र लावायचं हा विचारच करावा लागत नाही, आणि पेपरात नेमका तोच करावा लागतो. रोहरर आणि टेलर यांच्या २००७च्या प्रयोगात घनफळाची गणितं मिसळून सोडवणाऱ्यांना सरावात ६० टक्के जमली, एकेक प्रकार ओळीने करणाऱ्यांना ८९. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मिसळणाऱ्यांना ६३ टक्के, तर ओळीने करणाऱ्यांना फक्त २० टक्के जमली.

दुसऱ्याच आठवड्यात गाडी अडली, आणि ती बहुतेकांची तिथेच अडते. आठवून लिहिताना आपल्याला किती येत नाही हे रोज दिसतं. मुलगी म्हणाली, "मॅडम, आधी निदान धडा झाला असं वाटायचं तरी!" या टप्प्यावर मुलं मुकाट्याने जुन्या वाचनाकडे परततात. उपाय एकच, दिसणारा पुरावा. पहिल्या दिवशी आठवून लिहिलेलं पान जपून ठेवायचं आणि आठवड्याने त्याच धड्याचं नवं पान शेजारी लावायचं. लाल शाई कमी झालेली मुलीला स्वतःलाच दिसली.

पत्ते तपासले तेव्हा आणखी दोन चुका सापडल्या. काही पत्त्यांवर 'प्रकाशाचे परावर्तन' एवढंच लिहिलं होतं. हा प्रश्न नव्हे, मथळा. त्याचे पाच पत्ते झाले: व्याख्या, दोन नियम, आकृती, एक उदाहरण. दुसरी चूक, उत्तर मनात पुटपुटायचं आणि पत्ता उलटून "हो, हेच म्हणायचं होतं मला" म्हणत पुढच्या कप्प्यात टाकायचा. उत्तर आधी कागदावर, मगच पत्ता उलटायचा. ही सवय लागायला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ गेला.

तिसरी अडचण आईची. त्यांनी पत्ते हातात घेतले आणि जेवणाच्या ताटावर उलटतपासणी सुरू केली. चुकलं की "एवढं वाचून हेच का?" ठरलेलं पहिल्यांदा तिथेच मोडायला लागलं. आठवण्याच्या सरावात चूक होणं अपेक्षितच आहे, पण त्यावर शेरे मिळू लागले की मूल चूक लपवतं आणि सराव नुसता नावापुरता उरतो. आईकडे फक्त वेळ आणि झोप सोपवली, पत्ते मुलीच्या ताब्यात.

वर्गशिक्षिकेशी आई-मुलीच्या संमतीने बोलणं झालं. त्यांनी तासाच्या सुरुवातीला पाच प्रश्न द्यायला सुरुवात केली: दोन कालच्या धड्यावर, दोन मागच्या आठवड्यातले, एक महिन्यापूर्वीचा. सगळ्यांनी वहीत लिहायचं, गुण नाहीत, लगेच बरोबर उत्तर सांगायचं. हात वर करणाऱ्या चौघांनाच विचारलं तर सराव त्या चौघांचाच होतो, म्हणून लिहून घेणं महत्त्वाचं. सहा मिनिटं जातात. वर्ग मोठा असेल तर वह्या तपासायचीही गरज नाही, मुलं स्वतःच खूण करतात.

सहामाहीत विज्ञान आणि इतिहासाचे गुण सुधारले, गणितात थोडाच फरक पडला, कारण मागच्या वर्षीचं बीजगणित कच्चं राहिलं होतं. निबंध आहेत तिथेच आहेत. त्यांच्यासाठी पत्ते कामाचे नाहीत, मसुदा लिहून त्यावर कोणी सविस्तर अभिप्राय द्यावा लागतो, आणि पुढच्या भेटी त्यासाठी ठरल्या आहेत. औषधाची बाटली आणलीच गेली नाही.