शिक्षकाच्या कल्पकतेनं आणि समर्पणानं मुलं खरंच घडतात का? नुकतंच डी.एल.एड. (शिक्षक पदविका) झालंय, चांगला शिक्षक व्हायला काय करावं?

समर्पण हा शब्द 5 सप्टेंबरच्या भाषणांना राहू द्या. तुम्ही लिहिलंय की टेट परीक्षाही झालीय आणि आता पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीच्या यादीकडे डोळे लावून बसलाय, म्हणून जरा कडकच लिहिते. मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात, डोंगरातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. मी लागले तेव्हा शिक्षण सेवकाला, म्हणजे सुरुवातीच्या मानधनावरच्या शिक्षकाला, महिन्याला 3 हजार मिळायचे. तुम्हाला 16 हजार मिळतील. त्या 3 हजारांत आम्ही जे केलं ते समर्पण होतं की नाइलाज, ते आमचं आम्हाला माहीत.

कल्पकतेचं मात्र बोलायलाच हवं, कारण ती नेमकी कशाला म्हणतात यावरून आमच्या घरात दर दिवाळीला भांडण होतं. माझे धाकटे दीर लातूरला क्लासमध्ये शिकवतात. फराळाचं ताट हातात आलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं: "वहिनी, तुमच्या शाळेतलं एक तरी पोरगं नीटला लागलं का?"

आमच्याकडे दसरा झाला की गाव रिकामं व्हायला लागतं. ऊसतोडीच्या टोळ्या भरतात, ट्रॅक्टर येतात, आणि पोरं आईबापांबरोबर शेळ्या-कोंबड्यांसकट सांगली-कोल्हापूरकडे जातात. ज्यांची आजी धडधाकट आहे ती हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर मागं राहतात. बाकीच्यांच्या हातात आपण शिक्षण हमी कार्ड देतो (ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून) आणि ती गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. असंच एक पाचवीतलं पोरगं परत आलं. स्तर निश्चितीत, म्हणजे कुणाला काय येतं त्या तपासणीत, गुणाकाराच्या रकान्यात त्याच्यापुढं फुली. फळ्यावर उभी मांडणी केली की हातचा कुठं ठेवायचा ते त्याला सुधरत नव्हतं.

मधल्या सुट्टीत हेच पोरगं दुसऱ्याला सांगत होतं, "दोन टन झाले की पाचशे शेचाळीस." तेव्हा ऊसतोडीचा दर टनाला 273 रुपये होता (2024 च्या जानेवारीत 34 टक्क्यांनी वाढून 366 झाला). मी विचारलं, कसं काढलंस रे? म्हणाला, "बाई, पावणेतीनशे धरायचे. दोन टनांचे साडेपाचशे. दोन-दोन रुपये जास्तीचे धरले ना, मग चार काढून टाकायचे." ज्याच्यापुढं फुली मारली होती त्याला हे तोंडी येत होतं!

दुसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं. एकाला टोळीचा मुकादम केलं, एकाला वजन करणारा काटेवाला, बाकीचे कोयते, म्हणजे ऊस तोडणारे. वहीवर प्रत्येक कोयत्याच्या नावानं 80 हजार उचल (मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे) लिहिली आणि प्रश्न टाकला: रोज दोन टन तोडले तर उचल किती दिवसांत फिटंल? भागाकार कुणालाच येत नव्हता, मीही सांगितला नाही. त्या पोरानं खडूनं फरशीवरच मांडलं. शंभर दिवसांचे 54,600. राहिले 25,400. चाळीस दिवसांचे 21,840. राहिले 3,560. सहा दिवसांचे 3,276. राहिले 284. मग मान वर न करता म्हणालं, "एकशे सत्तेचाळिसाव्या दिवशी दुपारी फिटंल." आता हंगाम धड पाच महिन्यांचा. पोरांनी आपणहून त्यात खाडे घातले, आई आजारी पडली ते दिवस घातले, पावसात फड बंद राहिला ते घातले. काटेवाल्या पोरानं तर मला न विचारताच प्रत्येक गाडीमागं वजन कमी सांगायला सुरुवात केली. मी हटकलं तर म्हणतं, "बाई, काटा असाच असतोय की." शेवटी प्रत्येकाच्या नावावर बाकी निघाली. ते पोरगं म्हणालं, "म्हणूनच पुन्हा जावं लागतंय."

त्यानंतर हातचा कुठं ठेवायचा हे त्याला वेगळं शिकवावं लागलं नाही. फरशीवर त्यानं जे केलं तोच भागाकार आहे, हे फळ्यावर शेजारी-शेजारी मांडून दाखवलं, एवढंच.

तेवढ्यात भेटीला अधिकारी आले. वर्गात मुकादम, कोयता, उचल असं चाललेलं बघून त्यांनी शेरेबुकात लिहिलं की पाठ्यपुस्तकाबाहेरचे विषय टाळावेत. आणि मला विचारलं काय, तर पोषण आहाराची माहिती भरली का. भरली होती. ती नेहमी भरलेली असते.

पुढच्या हंगामात त्या पोराला आजीजवळ ठेवला, पण आईबाप निघताना त्यानं बापाला चाळीस पानी वही आखून दिली: तारीख, गाडी, टन, खाडा. बापाला आकडे लिहिता येतात. हिशेबाच्या वेळी मुकादमाच्या वहीत तीन खेपा कमी निघाल्या, त्या बापानं भरून घेतल्या. पोरगं आता तालुक्याच्या शाळेत आहे, गणितात बरं आहे, इंग्रजीत यथातथा. ते नीटला लागेल की नाही मला माहीत नाही, आणि दिरांना सांगायचं झालं तर त्या वहीसाठी कुठल्या बोर्डाची गुणपत्रिका लागत नाही. लातूर पॅटर्न म्हणजे सराव, चाचणी, पुन्हा सराव. ज्या मुलाला बारा महिने एका जागी बसायला मिळतं त्याच्यावर तो चालतोच. माझ्याकडं पोरगं सहा महिने फडात असतं, त्याच्यावर काय चालवणार? चाचणी?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच की हो, फरक पडतो. पण बोलक्या भिंती रंगवून पडत नाही. मुलाला काय येत नाही याचे तक्ते सगळे भरतात. त्याला काय येतं ते शोधायला मधल्या सुट्टीत कान उघडे ठेवून पोरांत बसावं लागतं, आणि तो वेळ तुम्हाला कुणी देणार नाही. सरल, यू-डायसवर माहिती भरणं, जयंत्यांचे फोटो, लिंका हे सगळं सांभाळून तो चोरावा लागतो. पुरस्काराच्या नादी लागू नका. पुरस्काराचा प्रस्ताव आपला आपणच करायचा असतो, फोटो चिकटवून, आणि त्या फायलीत जेवढे दिवस जातात तेवढ्यात दोन पोरं वाचायला लागतात. हे पुरस्कार मिळालेल्या एका सहकाऱ्याला तोंडावर सांगून झालंय, म्हणून इथं सांगायला हरकत नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या. माझ्या वर्गात त्या दिवशी सतरा पोरं होती, म्हणून हे जमलं. साठच्या तुकडीत मुकादम-कोयता खेळायला गेलात तर गोंधळ होईल. आणि सगळी पोरं अशी निघत नाहीत. त्याच वर्गातल्या एका पोरीचं आठवीत लग्न लावायला निघाले होते. तिथं माझी कल्पकता काही कामाला आली नाही. चाइल्डलाइनचा 1098 लावला तेव्हा ते थांबलं, आणि नंतर वर्षभर त्या घरचं कुणी माझ्याशी बोललं नाही. असे नंबर आधीच पाठ करून ठेवा, डी.एल.एड.ला ते शिकवत नाहीत.