आत्याच्या कपाटातला कागद

चि. बाळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रंकाळ्यावर फिरताना तू म्हणालीस, "मला ना नवरा, ना मूल. मला कशाला हवं मृत्युपत्र?" तुझ्या मैत्रिणी सोबत होत्या म्हणून मी गप्प बसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

लग्न मीही केलं नाही, तुला माहीत आहेच. पतसंस्थेच्या ठेव विभागात माझी निम्मी नोकरी गेली. मयत खातेदाराचे पैसे वारसांना देणं हेच काम. तरी माझ्याच घरात जे व्हायचं ते झालं.

माझी आत्या मंगळवार पेठेत एकटी राहायची, तीही बिनलग्नाची. शेवटची एकोणीस वर्षं शेजारच्या एका बाईंनी तिचं सगळं केलं. सकाळचा चहा, गोळ्या, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या रांगेत नंबर लावणं, सगळं. आत्या गेल्यावर आठ महिन्यांनी कपाट रिकामं करताना इरकली लुगड्याच्या घडीत वहीचा एक कागद सापडला. बांगड्या आणि पोस्टातली ठेव या बाईंना द्यावी, असं आत्याच्या अक्षरात लिहिलेलं. खाली तारीख आणि ठसठशीत सही होती. साक्षीदार मात्र एकही नव्हता, म्हणजे कायद्याने तो कागद कोरा. तोवर बांगड्या गुजरीत सराफाकडे मोडून वाटण्याही झाल्या होत्या. भावंडांचं काही चुकलं नव्हतं, ती कायद्यानेच वारस होती. चुकलं माझं. रोज लोकांना नियम सांगणाऱ्या मी आत्याला एकदाही विचारलं नव्हतं, "तुझ्या मनात काय आहे?"

म्हणून तुला सांगते, तू लिहिलं नाहीस तरी तुझी वाटणी ठरलेलीच आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात ती लिहून ठेवली आहे. अविवाहित बाईचं जे असेल ते सहसा आधी आई-वडिलांकडे जातं. ते नसले तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भावंडं आणि गेलेल्या भावंडांची मुलं. कुणीच नसलं तर सरकारजमा. मैत्रीण, शेजारीण, मानलेला भाऊ यांना त्यात कुठेच जागा नाही. त्यांना जागा करून द्यायची तर तुलाच लिहावं लागेल.

लिहिणं अवघड नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. तुझी सही आणि ती बघणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार वयाने तुझ्यापेक्षा लहान बघ आणि ज्यांना काही द्यायचं आहे त्यांना साक्षीला घेऊ नकोस. नोंदणीची सक्ती नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन ती करच. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा किती जणांची कागदपत्रं लगदा झाली, ते तू पाहिलं आहेस. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल परत काढता येते. अंमलबजावणीसाठी एक व्यवस्थापक नेम, आणि कागद कुठे ठेवला आहे ते त्याला सांग. गावाकडच्या उसाच्या रानात तुझा हिस्सा आहे ना? वडिलोपार्जित हिश्श्याचं मृत्युपत्र करता येत नाही असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते खरं नाही. स्वतःच्या हिश्श्यापुरतं करता येतं.

नॉमिनीवर विसंबू नकोस. नॉमिनीच्या हातात पैसे पडतात ते वारसांसाठी सांभाळायला. तो मालक होत नाही. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, पण मृत्युपत्राची जागा चौघेही घेऊ शकत नाहीत.

मला जास्त काळजी वाटते ती जिवंतपणीची. दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, "नातेवाईक कोण?" लोक कुलमुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात, पण माणसाचं भान हरपलं की नेहमीचं कुलमुखत्यारपत्र संपतं, नेमकं गरज असते तेव्हाच. त्यासाठी लिव्हिंग विल कर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. बरं होण्याची आशाच उरली नाही तर व्हेंटिलेटर हवा की नको, आणि तुझ्या वतीने कुणी बोलायचं, हे त्यात लिहिता येतं. देहदानाचंही तसंच. फॉर्म भरला तरी त्या वेळी मेडिकल कॉलेजला फोन करणारं माणूस लागतं. ते कोण, हे आजच ठरव.

आणि 'माझ्यामागे कोण' असं परत म्हणू नकोस. शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर आले ते १८८४ साली दत्तक म्हणून, कागलच्या घाटग्यांच्या घरातून. त्यांनी १९०१ पासून उभ्या केलेल्या बोर्डिंगांत जी पोरं शिकली, ती त्यांच्या रक्ताची कुठे होती? तुलाही एखाद्या वाचनालयाला किंवा वसतिगृहाला काही द्यावंसं वाटलं, तर संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव लिही. नुसतं 'वाचनालयाला' लिहिलंस तर मागे भांडणं लागतात.

त्या शेजारच्या बाईंना मागच्या दिवाळीत मी माझ्या दोन बांगड्या घातल्या. त्या घेत नव्हत्या. आत्याचा कागद वाचून दाखवला, तेव्हा घेतल्या.

रविवारी सकाळी ये. येताना पासबुकं, पीएफचा कागद आणि रानाचा सातबारा घेऊन ये. कच्चा मसुदा आपण दोघी बसून करू.

तुझी,
मावशी