जुनी बीटल आणि कॅनडातले घाट

प्रश्न : कॅलगरीत राहणाऱ्या माझ्या मुलाने १९७२ची फोक्सवॅगन बीटल घेतली आहे. उन्हाळ्यात ती घेऊन व्हँकुव्हरच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना भेटायला जाण्याचा त्याचा बेत आहे. त्याने काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : या बीटलचे इंजिन हवेने थंड होते, त्याला रेडिएटर नसतो. थंडाव्याचा पंखा आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामो एकाच पट्ट्यावर (बेल्टवर) फिरतात. त्यामुळे धावत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला, तर बॅटरीचे बघू नंतर असे म्हणत पुढे न रेटता तिथेच थांबून पट्टा पाहावा. तो तुटलेला असताना गाडी चालवणे म्हणजे इंजिन भाजून काढणे होय. जादा पट्टा आणि योग्य पाना सोबत हवाच.

जाताना १,३३० मीटर उंचीची रॉजर्स खिंड लागते. परतताना कोक्विहाला मार्गाने आल्यास होप या गावानंतरचा चढ दमवणारा आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिन घुसमटू न देता वेळीच तिसरा टाकावा, कारण इंजिनाच्या फेऱ्यांबरोबरच पंख्याचाही वेग वाढतो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांची चिडचिड खुशाल सोसावी!

व्हँकुव्हरच्या मंडळींना ‘गाडी कशी वाटते’ असे मोघम विचारण्यापेक्षा दाराखालच्या, हीटरची गरम हवा वाहणाऱ्या पोकळ पट्ट्या तपासायला सांगाव्यात. गंज बहुधा तिथेच आतून पोखरत असतो. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मात्र निघण्यापूर्वीच बदलाव्यात, कारण त्या तडकल्यास तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळून आग लागू शकते.