माडाखाली गाडी लावू नकोस

चि. नव्या गाडीवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा मी पडवीत बॅटरी चार्जिंगला लावून बसलो होतो. त्या जुन्या सॅन स्टॉर्मचे अकरा फोटो पाठवलेस. समोरून, बाजूने, छत उघडून, छत लावून. गाडीच्या खालून काढलेला मात्र एकही नाही. म्हणून "काका, घेऊ का?" याचं उत्तर फोनवर हो-नाहीत देत नाही, सावकाश लिहितो. वाचायला वेळ लागेल. तोवर टोकन देऊ नकोस.

तुझी निवड मला आवडली. सॅन स्टॉर्म म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची पोर. गोव्यात बनलेली, १९९८ साली आलेली दोन सीटांची गाडी. अंग फायबरचं आणि पोटात रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. ताकद साठ हॉर्सपॉवर. आंबा घाट चढताना एखादी भाड्याची स्विफ्ट भोंगा वाजवत तुझ्या पुढे जाईल. जाऊ दे. माझी फियाट पालिओ १.६ घेतली तेव्हा शंभर हॉर्सपॉवरचं मला कोण कौतुक होतं, आणि पहिल्या महिन्यात पेट्रोलचा हिशेब बघून घरच्यांनी जे ऐकवलं ते अजून कानात आहे. तुझं इंजिन त्या मानाने गरीब स्वभावाचं. रेनोच्या क्लिओ आणि ट्विंगोमध्येही तेच इंजिन होतं, त्यामुळे बेल्ट, गॅस्केट, सेन्सर असले पार्ट बाहेरून मागवता येतात. अडचण येते ती काचा, दिवे, छताचे रबर, दरवाजाची कडी अशा फक्त याच गाडीच्या वस्तूंची. मुळात गाड्याच मोजक्या बनल्या, तर पार्ट कुठून येणार? म्हणून असली एखादी वस्तू तुटकी असेल तर ती भावातून वजा करताना हात आखडू नकोस.

फायबर गंजत नाही, हे विकणाऱ्याने तुला एव्हाना तीनदा सांगितलं असेल. खरं आहे. पण फायबरखाली जे लोखंड आहे ते आपल्या हवेत काय करतं ते तू घराच्या खिडकीच्या गजांवर रोज बघतोस. वरचं अंग चकचकीत राहतं म्हणून खालचं सडलेलं लक्षातच येत नाही, ही फायबरच्या गाडीची खोड. चाकाच्या कमानीत तांबडी माती बसते, पावसाळाभर ओली राहते आणि त्यात समुद्राचं मीठ. बघायला जाशील तेव्हा गाडी उचलायला लाव आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकत जा. ठण्ण वाजलं तर पुढे सरक. भद्द वाजलं तिथे थांब. सस्पेन्शन जिथे बोल्टने धरलंय ती जागा, ब्रेकचे पाइप, टाकीचे पट्टे, सीटचे बोल्ट. खाली नवंकोरं काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर खूश होऊ नकोस. विकायच्या आठवड्यात कोणी हौसेने कोटिंग मारत नाही.

आणखी दोन गोष्टी. विकणाऱ्याला सांग की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नको. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर थंड इंजिन सुरू होतानाचं काहीतरी त्याला लपवायचंय. आणि टायरच्या नक्षीवर जाऊ नकोस. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३४१४ असेल तर तो २०१४ च्या चौतिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी नव्यासारखी दिसेल, कारण गाडी फिरलेलीच नाही, पण रबर पार कडक झालेलं असेल आणि पहिल्या पावसात निवळीच्या वळणावर तुला कळेल.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मजा काही नाही. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढे दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून नूतनीकरण. म्हणजे या गाडीचं एव्हाना दोन-तीनदा झालेलं असायला हवं. आरसीवरची, म्हणजे रजिस्ट्रेशनच्या कागदावरची, मुदत आधी बघ, रंग नंतर. वीस वर्षांवरच्या कारला २०२५ पासून नूतनीकरणाची फी १०,००० रुपये आहे, वर आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा. गोव्याची गाडी आहे, तेव्हा तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागेल आणि मग आपल्याकडे टॅक्स भरून रत्नागिरीचा एमएच ०८ नंबर. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. "विंटेजमध्ये टाकू, सगळं माफ होतं" असं कोणी म्हणालं तर हसून सोडून दे, विंटेजला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. विम्याची रक्कम मात्र भांडून ठरव. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. बिलं आणि फोटो पुढे ठेवलेस तर भंगाराच्या भावात बोळवण होणार नाही.

आता फायबरचं. बंपरच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा आहेत, तुझ्या सातव्या फोटोत दिसल्या. त्यावर कुठलाही शहरी पेंटर पुटी भरून रंग मारून देईल आणि सहा महिन्यांत रेषा परत वर येतील. तू गाडी घेतलीस तर ती रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ने. खरंच सांगतो. होड्यांचं फायबर काम करणारे लोक आहेत तिथे. ज्यांच्या हातच्या होड्या वर्षानुवर्षं लाटांवर आपटतात त्यांना तुझा बंपर म्हणजे किरकोळ काम.

माझ्या एका मित्राच्या गाडीचं काम मी तिथे उकिडवा बसून बघितलं आहे. कारागिराने आधी भेग बुजवायच्या ऐवजी ग्राइंडरने आणखी उघडली, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग आतल्या बाजूने घासून खरखरीत केलं, फायबरच्या मॅटचे तुकडे कात्रीने न कापता हातानेच फाडले. फाडलेली कड रेझिनमध्ये मिसळून जाते, कापलेली कड उठून दिसते. रेझिनमध्ये हार्डनर शेकडा एक-दोन भाग, तोही डोळ्याच्या अंदाजाने. ब्रशने थापून थापून आतली हवा काढली, पहिल्यापेक्षा मोठा दुसरा तुकडा, त्याहून मोठा तिसरा. बुडबुडा राहिला की तिथूनच परत फुटणार, हे तो स्वतःशीच पुटपुटत होता. मित्राने विचारलं, जुलैत दुसरी बाजू करायला आणू का? तो म्हणाला, "जुलैत मी होडीला हात लावत नाही, तुझ्या गाडीला कशाला लावू?" दमट हवेत रेझिन नीट धरत नाही, चिकट राहतं. तेव्हा हे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी असताना.

गाडी ठेवणार कुठे, हे तू लिहिलं नाहीस. तुझ्या घरासमोरचं अंगण मला आठवतं, कडेने सात-आठ माड आहेत. माडाखाली गाडी लावू नकोस. लोखंडी छतावर नारळ पडला तर पोचा येतो, फायबरवर पडला तर भोक. फणसाबद्दल लिहीत नाही, तू कोकणातला आहेस. कलमाखालीही नको, आंब्याचा चीक रंग जाळतो. मग राहिली पडवी. तिथे स्कूटर आणि लाकूडफाटा असेल तो हलव, आईला आधी विचारून.

पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घालून गाडी चार महिने झाकून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. आतल्या आत वाफ धरते आणि सप्टेंबरात उघडलंस की सीटवर हिरवी बुरशी. छप्पर असेल तर कव्हर नकोच, वारा लागू दे. उंदरांचं बघ. वायरी खातात आणि उंदरामागून जे येतं तेही बॉनेटखाली उबेला बसतं. एकदा मी ऑइल बघायला गेलो आणि ऑइल न बघताच घरात आलो. पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्धी टाकी ठेवून गाडी चार महिने उभी केलीस तर पाणी तळाशी बसतं. शिवाय त्या काळचे पेट्रोलचे रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते, ते घेतल्या घेतल्या बदल, भेगा दिसायची वाट बघू नकोस. ब्रेक ऑइलही पाणी ओढतं, ते दोन वर्षांनी.

या सगळ्याला एकच औषध मला सापडलंय, ते म्हणजे गाडी काढणं. आपल्याकडची जुनी गाडी धावून मरत नाही, उभी राहून मरते. पंधरा दिवसांनी तीस-चाळीस किलोमीटर, इंजिन नीट तापून सायलेन्सरमधलं पाणी उडेपर्यंत. पण निमित्त नसलं की माणूस काढत नाही. आज पाऊस, उद्या लग्न, परवा लाइट नाही. माझी पालिओ जी टिकली ती आम्हा जुन्या गाडीवाल्यांच्या रविवारच्या मीटमुळे.

तू विचारलंस, मीटला गाडीशिवाय आलं तर चालेल का? मी तर म्हणतो गाडी घ्यायच्या आधी दोन-तीनदा तसाच ये. सकाळी सहा-साडेसहाला हातखंब्याच्या तिठ्यावर जमतो. कोल्हापूरची पोरं आंबा घाट उतरून येतात, कुडाळ-सावंतवाडीकडची हायवेने वर येतात. मोठं काही नसतं. कधी सहा गाड्या, कधी पंधरा. एखादी कॉन्टेसा, एखादी जुनी व्हीटेक होंडा सिटी, मधेच कोणाची तरी झेन. चहा होतो, मग आरे-वारेपर्यंत जाऊन दहाच्या आत घरी. पोरं पहिला अर्धा तास फोटो काढतात. नंतर एकेक जण गुडघ्यावर येतो आणि दुसऱ्याच्या गाडीखाली डोकं घालतो. मीट खरी तिथून सुरू होते. माझ्या ब्रेक पाइपवरची ओल मला कधी दिसली नव्हती, ती एका कोल्हापूरच्या मुलाने मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात दाखवली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट कोणत्या गल्लीत मिळतात, कोण सचोटीचा आणि कोण जुनाच पार्ट पुसून देतो, हे ज्ञान छापलेलं कुठे नाही. ते तिथे चहाबरोबर मिळतं.

रीत फारशी नाही. विचारल्याशिवाय कोणाच्या गाडीला टेकायचं नाही. कितीला घेतली हे चारचौघांत विचारायचं नाही. गावातून जाताना इंजिन ओरडवायचं नाही, रात्रभर दर्यावर असलेला माणूस नुकता आडवा झालेला असतो. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावायचं तुझ्या मनात असेल तर काढून टाक. कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत, हे २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय, आणि साठ हॉर्सपॉवरला एवढा आवाज शोभतही नाही. शर्यत लावणाऱ्यांना आम्ही पुढच्या वेळी कळवत नाही.

आणि वाळू. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. २००९ च्या मे महिन्यात, फोटोसाठी, मी पालिओ भाट्याच्या वाळूत उतरवली. ओहोटीची ओली वाळू सिमेंटसारखी कडक लागते. गाडी छान गेली. पाण्याकडे तोंड करून थांबवली, दहा मिनिटं फोटो काढले आणि निघताना पुढची चाकं जागच्या जागी फिरली. जितकं ॲक्सिलरेटर दाबलं तितकी खाली. त्या दिवशी अमावस्या होती हे मला ठाऊक नव्हतं, किनाऱ्यावर जाळी आवरणाऱ्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं. "उधाण हाय आज," एवढंच तो म्हणाला आणि ट्रॅक्टर आणायला माणूस पाठवला. ट्रॅक्टर आला तेव्हा पाणी दरवाजाच्या खालच्या कडेला लागलं होतं. घरी येऊन मी गाडी धुतली. वरून. पुढच्या वर्षी पंक्चर काढायला जॅक लावला तर जॅक वर गेला आणि गाडी तिथेच राहिली.

जयगडहून तवसाळला फेरीबोटीने जाणार असशील, तुम्ही पोरं जाताच, तर बुटकी गाडी चढवताना भरतीची वेळ बघ. ओहोटीला उताराचा कोन वाढतो आणि नाक घासतं. थोडी तिरकी चढव, एकेक चाक. पलीकडे उतरल्यावर मीठ लागलेलंच असणार, तेव्हा घरी गेल्यावर पाइप धरून खालून धू. आडवं होऊन.

या रविवारी ये. बाबांची स्कूटर घेऊन आलास तरी चालेल. विकणाऱ्याकडून गाडीच्या खालचे फोटो मागव, ते छापून आण, मोबाइलवर मला नीट दिसत नाही. सगळ्यांनी बघू दे, मग गोव्याला कधी जायचं ते ठरवू, मी येतो बरोबर. आणि जमिनीवर आडवं व्हायला एक गोणपाट घेऊन ये. माझं मागच्या वेळी कोल्हापूरकरांच्या डिकीत गेलं, ते अजून परत आलेलं नाही.

तुझा,
काका