होडीवर सोलर लावा, पण त्यासाठी दागिने ठेवू नका

दादा नमस्कार. बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो. हर्णैला तुमची गिलनेटची (पाण्यात पडद्यासारखं सोडायच्या जाळ्याची) होडी आहे, रात्री जाळं सोडलं की इंजिन बंद, मग लाईट, जीपीएस, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), वायरलेस सगळं बॅटरीवर, आणि मध्यरात्रीनंतर बॅटरी बसते म्हणून दोन तास इंजिन नुसतं चार्जिंगसाठी चालवावं लागतं, त्यात अडीच लिटर डिझेल जातं. दुकानदाराने ४०० वॅटची पॅनल, लिथियम बॅटरी आणि २ केव्हीएचा इन्व्हर्टर मिळून १,४०,००० चं कोटेशन दिलंय आणि त्यासाठी तुम्ही वहिनींचे दागिने ठेवून १० टक्क्यांनी कर्ज काढायचं म्हणताय.

सोलर घ्या, पण हे कोटेशन घेऊ नका, आणि दागिने तर अजिबात काढू नका.

आधी डिझेलचं बघू. मच्छीमार सोसायटीतून डिझेलचा परतावा मिळतो तो वजा केला तर लिटरला मी ७५ रुपये धरतोय. अडीच लिटर म्हणजे रात्रीचे १८७ रुपये. १ जून ते ३१ जुलै बंदी, शिवाय वादळं, शिमगा, होडीची दुरुस्ती हे सगळं काढून तुम्हीच वर्षाच्या १५० रात्री सांगितल्यात, म्हणजे वर्षाला साधारण २८,००० वाचतील. इथपर्यंत दुकानदाराचंही गणित बरोबर आहे. पण तुमच्याकडे डिझेल, बर्फ, रेशन असा खर्च आधी काढतात आणि उरलेल्याचे वाटे पडतात, निम्मे होडीला आणि निम्मे खलाशांना. मग वाचलेल्या २८,००० मधले १४,०००च तुमच्या हातात येणार, आणि १,४०,००० वर १० टक्क्यांनी वर्षाचं व्याजही १४,०००च होतं! म्हणजे सगळी बचत व्याजातच जाणार, मुद्दल तसंच राहणार, आणि एक सीझन वाईट गेला तर दागिने लिलावात जायची भीती. मला खरंच हे बघवत नाही, कारण जूनमध्ये बंदी लागते आणि मुलीची फीही तेव्हाच भरायची असते असं तुम्हीच लिहिलंय.

आता लागतं किती ते बघा. तुमचे लाईट, जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस आणि थोडा वेळ बिल्ज पंप (होडीच्या तळातलं पाणी उपसणारा) धरला तर रात्रीचं साडेपाचशे वॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरवरच्या अर्ध्या युनिटाहून जरासं जास्त. २०० वॅटच्या पॅनलला चांगलं ऊन मिळालं तर सगळी घट धरूनही दिवसाला तेवढं निघतं. मग ४०० वॅट आणि २ केव्हीएचा इन्व्हर्टर कशाला? तुमचं सगळं सामान १२ व्होल्टवर चालतं, इन्व्हर्टरची गरजच नाही. मोठे दिवे लावून मासे ओढायचा विचार कोणी डोक्यात घातला असेल तर तो सोडा, एलईडी मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे. लिथियम वाईट नाही, पण इंजिनच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) ती चार्ज करायला मध्ये वेगळा चार्जर लागतो, नाहीतर अल्टरनेटर तापून जळू शकतो, आणि तो चार्जर कोटेशनमध्ये नाहीच.

सगळ्यात आधी बॅटरी लोड टेस्टरवर (भार टाकून बॅटरीचा दम बघणारं यंत्र) तपासून घ्या आणि अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे का ते बघा. चार वर्षांची बॅटरी म्हणताय, मला तर निम्मं दुखणं तिथेच दिसतंय. मग २०० वॅट पॅनल, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी नीट चार्ज करणारा), लाईटसाठी वेगळी सीलबंद बॅटरी (पाणी टाकायची उंच ट्यूब्युलर नको, होडी हलते), फ्यूज आणि चेंजओव्हर स्विच (एका बॅटरीवरून दुसरीवर जायला), हे ४०,००० च्या आसपास बसावं, दोन ठिकाणी भाव काढा. इंजिन स्टार्ट करायची बॅटरी वेगळी राहिली की लाईटने दुसरी कितीही बसू दे, पहाटे इंजिन लागणारच. माझ्या मते पॅनलपेक्षा हेच जास्त मोलाचं आहे.

वायरिंगमध्ये काटकसर करू नका. एका नौकामालकाच्या होडीवर मी स्वतः बघितलंय, वर्षभरात जोडाची पिन खाऱ्या हवेने हिरवीगार झाली होती आणि बोट लावल्यावर भुगा हातात आला. कथील चढवलेली तांब्याची वायरच घ्या. केबिनच्या टपावर काठीची किंवा जाळ्याची सावली पडून पॅनलचा एक कोपरा झाकला गेला तरी करंट खूप कमी होतो. आणि होडी पावसाळ्यासाठी आंजर्ले खाडीत नेऊन शाकारली (झाकून ठेवली) की पॅनल उतरवून घरी ठेवा.

पैशाचं म्हणाल तर सीझन सुरू व्हायच्या आधी खलाशांना बसवून बोला की पॅनलचा खर्च पहिल्या सीझनला डिझेलसारखाच वाट्याआधी काढायचा, फायदा दोघांनाही आहे, बहुतेक ऐकतील. मग सगळे धरून दीड वर्षात पैसे सुटतात. नाही ऐकलं तर तुमच्या एकट्याचे सुटायला तीन वर्षं लागतील, तरी बिनव्याजी असल्यामुळे चालेल. डिझेल-बर्फाच्या खेळत्या भांडवलासाठी मच्छीमारांचं किसान क्रेडिट कार्ड काढा, व्याज ७ टक्के आणि वेळेवर भरलं तर ४ पडतं, त्यामुळे हातातली रोख पॅनलसाठी मोकळी होईल.

दुकानदार सबसिडीचं बोलला ती पीएम सूर्यघर असणार, ती घराच्या छपरासाठी आहे, ३ किलोवॅटला ७८,००० पर्यंत, होडीला ती मिळत नाही. पॅनलवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय, नवीन कोटेशनमध्ये तेवढं बघून घ्या. आणि बॅटरी तपासली की किती व्होल्ट आले ते मला कळवा.