अंगणात सेप्टिक टँक आहे आणि घरात दोन वर्षांचं मूल. काय काळजी घ्यावी?

सगळ्यात आधी झाकण बघा, आणि आजच बघा. टाकीतल्या वायूपासून तयार होणारं आम्ल काँक्रीटला खालच्या बाजूने खातं आणि आतल्या सळ्या गंजवतं. त्यामुळे वरून धडधाकट दिसणारं झाकणही आतून पोखरलेलं असू शकतं. तडा गेलाय, कडा निखळल्यात किंवा पाय ठेवल्यावर हलतंय, तर लगेच बदला. तोवर तिथे कुंपण घाला. शहाबादी फरशी, पत्रा किंवा फळी टाकून भागवू नका. नवं आरसीसीचं जाड झाकण बोल्टने किंवा कुलूप लावून पक्कं बसवा आणि त्याखाली लोखंडी जाळी घाला. एक विनंती: झाकणावर कुंड्या, खेळणी, सायकल ठेवू नका, मुलं तिकडेच ओढली जातात.

मैला उपसणारी गाडी आली की मुलाला घरातच ठेवा. अशा वेळी घरात चार माणसं असूनही, दुसरं कुणी बघतंय असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून "आत्ता बाळ माझ्याकडे" असं एकाने स्पष्ट म्हणावं.

मूल पडलंच, तर मोठ्यांनी टाकीत उतरू नये. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूने काही श्वासांत शुद्ध हरपू शकते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असंही नाही, कारण तो नाकच बधिर करतो. एकामागोमाग वाचवायला उतरलेली माणसं अशीच दगावतात. कुणाला तरी 112 लावायला सांगा. मूल हाताच्या अंतरावर असेल तर डोकं आत न घालता बाहेरूनच ओढा. जवळ काडी, विडी पेटवू नका. मूल बाहेर आल्यावर ठीक दिसलं तरी थेट रुग्णालयात न्या.