स्वयंपाक गॅसवर होतो, पण अंघोळीचं पाणी अजून लाकडावर तापतं. घरातला धूर कसा कमी करावा?

तुम्ही लिहिलंय की स्वयंपाक गॅसवर गेला, पण पाच माणसांच्या अंघोळीचं पाणी अजून मागच्या दाराबाहेरच्या चुलीवर तापतं. सासऱ्यांना दमा आहे, दोन वर्षांच्या मुलाला सारखा खोकला असतो. आणि तुमचा प्रश्न असा की चुलीला धुराडं लावून भागेल का, गॅस गिझर घ्यावा की सोलर. पाणी तापवण्याच्या यंत्रणा बसवणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम आहे, म्हणून आधी माझं मत सांगते: ती चूल कायमची विझेल अशी व्यवस्था करा. धूर निम्म्यावर आणण्यात पैसे आणि मेहनत घालवू नका.

घरातल्या धुराबद्दल बोलताना सगळे स्वयंपाकाच्या चुलीबद्दल बोलतात. पाण्याची चूल कुणाच्या हिशेबातच नसते. खरं तर ती जास्त वाईट जळते. स्वयंपाकाला लाकूड निवडून घेतलं जातं, कारण अन्नाला वास लागतो. पाण्याच्या चुलीत मात्र काहीही जातं: ओला पाला, रंग दिलेल्या फळ्या, खोकी, पेटवायला प्लास्टिकची पिशवी, कधी टायरचा तुकडा. पीव्हीसीसारखं क्लोरीनवालं प्लास्टिक असं मंद आगीत जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. बाकी काही करायला वेळ लागला तरी एवढं आजच थांबवा.

दुसरं कारण ज्योतीतच आहे. गार पाण्याने भरलेल्या भांड्याचा तळ ज्योतीला थंड करतो. ज्योत थंड पडली की लाकडातून निघालेले वायू पुरते जळत नाहीत आणि त्यांचा धूर, काजळी, डांबर होतं. बंबात नळी मधोमध आणि चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे उष्णता चांगली पकडली जाते, लाकूडही कमी लागतं, पण नळीच्या भिंती गार असल्याने पेटवल्यापासून बराच वेळ धूर दाट राहतो.

आता तुमचं वाक्य, "चूल बाहेर आहे, त्यामुळे घरात फारसा धूर येत नाही." पाणी तापवायची वेळ पहाटेची. त्या वेळी जमिनीलगतची हवा गार आणि स्थिर असते, वारा पडलेला असतो, त्यामुळे धूर वर न जाता भिंतीच्या उंचीवर पसरतो आणि दारा-खिडक्यांतून आत येतो. जे डोळ्यांना दिसतं तो धुराचा फक्त एक भाग. छातीत खोल जाणारे कण २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि धूर ओसरल्यासारखा वाटल्यावरही खोलीत तरंगत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस आहे की या कणांचं चोवीस तासांचं सरासरी प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. पेटत्या चुलीजवळ ते शेकड्यांत सहज जातं. याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या इंधनाच्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

किती उष्णता लागते हे एकदा बघा, म्हणजे पुढचा निर्णय सोपा जाईल. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज एवढी ऊर्जा पुरते. एक किलो सुक्या लाकडात जवळजवळ चार युनिट असतात. पण उघड्या चुलीवर त्यातले दहा-पंधरा टक्केच पाण्यात जातात, म्हणून एका अंघोळीला किलोभर लाकूड लागतं आणि तुमच्या पाच जणांना रोज पाचेक किलो. गरज अगदी थोडी आहे, जाळलं जातंय भरपूर. भांड्यावर झाकण ठेवणं आणि उकळेपर्यंत तापवून नंतर गार पाणी मिसळण्याची सवय सोडणं एवढ्यानेही लाकूड कमी लागेल.

मग धुराडं का नको? ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात २००२ ते २००४ मध्ये एक मोठी चाचणी झाली. काही घरांना धुराड्याची चूल दिली, काहींनी उघडी चूल चालू ठेवली. धुराड्याच्या घरांत बाळांच्या वाट्याला येणारा कार्बन मोनॉक्साइड साधारण निम्मा झाला. तीव्र न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला, पण डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियात ठाम म्हणता येईल अशी घट दिसली नाही. धूर आणि आजार यांचा संबंध सरळ रेषेत नाही. खूप धुरातून मध्यम धुरात आल्यावर फायदा थोडा होतो, मोठा फायदा शेवटचा धूर जातो तेव्हा होतो. सासऱ्यांच्या दम्यासाठी मी याच कारणाने अर्ध्या उपायावर थांबणार नाही. (खोकल्याचं नेमकं कारण डॉक्टरांनी ठरवायचं आहे. घरी रोज लाकूड जळतं हे त्यांना आवर्जून सांगा, बरेच जण ते विचारत नाहीत.) रॉकेलचा स्टोव्ह हाही पर्याय धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरात रॉकेल वापरू नये असंच सुचवलं आहे.

गॅस गिझरबद्दल मला सविस्तर लिहावंच लागेल, कारण इथे चूक झाली तर दम्याचा प्रश्न बाजूला राहतो आणि जीव जातो. धुराच्या बाबतीत गॅस लाकडापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. एका अंघोळीला जेमतेम ५० ग्रॅम गॅस लागतो. पण हा गिझर मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी तापवतो, म्हणजे त्याची आग स्वयंपाकाच्या शेगडीच्या कितीतरी पट मोठी असते. तो बंद न्हाणीघरात लावला की खोलीतला ऑक्सिजन घटत जातो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि दाराची कडी काढायची असं मनात येईपर्यंत पायांतलं बळ गेलेलं असतं. गरम पाण्याने गरगरलं असेल असं समजून माणूस खाली बसतो, हे सगळ्यात धोक्याचं.

म्हणून साधा गॅस गिझर न्हाणीघराच्या आत कधीही नको. तो बाहेर, मोकळ्या हवेत, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी लावायचा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणायची. "आत लावून एक्झॉस्ट फॅन बसवू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पंखा खोलीतली हवा बाहेर ओढतो तेव्हा गिझरच्या नळकांड्यातून वर जाणारा जळका वायू उलटा खोलीत खेचला जाऊ शकतो. आत लावायचाच झाला तर हवा बाहेरून घेणारा आणि जळका वायू बाहेरच सोडणारा पूर्ण बंदिस्त प्रकारच लागतो. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, काजळी धरू लागली की वापर थांबवून बर्नर साफ करून घ्यायचा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. आणि आणखी एक, थंडीत चुलीतले निखारे घमेल्यात घालून खोली उबदार करायला आत आणत असाल तर तेही बंद करा. धूर न करणारे निखारेच हा वायू भरपूर सोडतात.

तुमच्या घरासाठी माझी पहिली पसंती सोलरला आहे, छतावर दिवसभर ऊन असेल तर. त्यात जळत काहीच नाही. साध्या रचनेत पंपही लागत नाही: काचेच्या नळ्यांत किंवा सपाट पेटीत पाणी तापतं, हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं, आणि ऊन असेपर्यंत हे आपोआप चालू राहतं. टाकीला जाड आवरण असल्यामुळे संध्याकाळचं पाणी पहाटेपर्यंत गरम राहतं. पाच माणसांना १०० ते १५० लिटरची टाकी बहुधा पुरते, कारण टाकीतलं पाणी ६० अंशांच्या आसपास असतं आणि त्यात गार पाणी मिसळायचं असतं. याच कारणाने लहान मुलाच्या हाती गरम पाण्याचा नळ लागू देऊ नका. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, मिश्रण करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

बोअरचं जड पाणी असेल तर सपाट पेटीतल्या अरुंद तांब्याच्या नळ्या क्षाराने धरतात. तिथे काचेच्या निर्वात नळ्यांचा प्रकार बरा, पण टाकीत साचणारा क्षार त्यातही वेळोवेळी काढावा लागतो. आणि सोलर नापसंत होण्याचं जे कारण मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते ते सोलरमधलं नसतंच, नळीतलं असतं. छतापासून न्हाणीघरापर्यंत वीस मीटर अर्ध्या इंची नळी गेली तर तिच्यात साडेतीन-चार लिटर गार पाणी उभं असतं. ते आधी येतं, माणूस वैतागतो, "सोलरचं पाणी गारच येतं" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटते. टाकी न्हाणीघराच्या जितकी डोक्यावर येईल तितकी आणा, नळीला आवरण घाला आणि सगळ्यांनी एकापाठोपाठ अंघोळी उरका.

ऊन नसेल किंवा छत तुमच्या ताब्यात नसेल तर विजेचा टाकीवाला गिझर घ्या. वीज कोळशातून येत असेल तर धूर फक्त दुसरीकडे जातो, असा आक्षेप मी नेहमी ऐकते. तो पूर्ण खोटा नाही. पण उंच चिमणीतून निघालेल्या ग्रॅमभर धुराचा जेवढा भाग कुणाच्या तरी छातीत जातो, त्याच्या कितीतरी पट भाग घरातल्या चुलीच्या ग्रॅमभर धुराचा जातो, कारण माणूस तिथेच बसलेला असतो. हीट पंप हा विजेचाच काटकसरी प्रकार आहे: हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो आणि एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता देतो. सुरुवातीचा खर्च मोठा, चालवण्याचा कमी. बादलीत टाकायची कॉइल मला लहान मुलाच्या घरात नको वाटते. वापरणारच असाल तर घरात आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारं स्विच) बसवलेली असावी, बादली प्लास्टिकची असावी आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात कुणी बोट घालू नये.

शेवटी ढगाळ दिवसांचं. सोलर लावलेल्या कितीतरी घरांत चूल परत येताना मी पाहिली आहे, आणि ती नेहमी अशाच दिवसांत येते. टाकीत विजेची कॉइल किंवा जोडीला छोटा गिझर पहिल्याच दिवशी बसवून घ्या, "नंतर बघू" नको. त्या खर्चासाठी टाकी थोडी लहान घ्यावी लागली तरी चालेल. एक थंडी आणि एक पावसाळा नीट गेला की मागच्या दाराची चूल मोडून टाका आणि सरपण साठवणं बंद करा. तोपर्यंत लाकूड जाळावंच लागलं तर ते सुकं आणि बारीक फोडलेलं असू द्या, चूल दारापासून शक्य तितकी लांब न्या, आणि ती पेटलेली असेपर्यंत सासरे आणि मूल घराच्या पुढच्या बाजूला असतील एवढं पाहा.